शब्द पुसायची कळ

अप्पांनी डाव्या करंगळीने कंट्रोलची कळ दाबून धरली, शेजारच्या बोटाने डब्ल्यू दाबला, आणि समोरची काळी खिडकी क्षणात नाहीशी झाली. मागे उरले ते संगणकाचे निळे, रिकामे पटल. अप्पांचे हात कळफलकावर तसेच अधांतरी राहिले. अंधारात जिन्याची आणखी एक पायरी आहे असे समजून टाकलेले पाऊल जसे राहते, तसे.

"मी काही केलं का?" त्यांनी विचारले.

त्यांची पत्नी, माई, दारातच चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "तुम्ही काहीही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. शाळेत शिकवत असताना मुलांना जी वाक्ये दुसऱ्यांदा सांगावी लागत नसत, ती माई याच आवाजात बोलत असत.

"बंद झालं. मी बंद केलं." अप्पा उठले, माईंच्या बाजूने वाट काढून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी नळ सोडला. पाणी आले. तरीही ते धारेकडे संशयाने पाहत राहिले. "हे गच्चीवरच्या टाकीतलं आहे. टाकीत आहे तोवर येईल. मग? सगळ्या गावाचं पाणी तोडलं मी."

माईंनी नळ बंद केला. अप्पांचे ओले हात पुसले आणि त्यांना खुर्चीवर आणून बसवले. खिडकी पुन्हा कशी उघडायची ते माईंना पाहून पाहून ठाऊक झाले होते. त्यांनी ती उघडून दिली. अप्पा टाईप करू लागले, एक शब्द चुकला, बोटे आपल्या सवयीने त्या दोन कळांकडे वळली, आणि खिडकी पुन्हा गेली.

या वेळी अप्पांनी काही विचारले नाही. ते रडू लागले.

अप्पांची उभी हयात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संगणकांवर गेली होती. पंप नदीकाठी असत आणि अप्पा गावात, एका खोलीत, काळ्या पडद्यासमोर. ते इकडे एक ओळ टाईप करीत आणि तिकडे कोसावर पंप सुरू होई. लोकांना आपली आठवण येत नाही, तोवरच आपले काम नीट चालले आहे असे समजावे, असे ते नव्या माणसांना सांगत. आता आठवण या गोष्टीनेच त्यांच्याशी वैर धरले होते. माईंचे नाव कधीच पुसले गेले होते. "अगं" गेले आणि त्याच्या जागी "बाई" आले. कधी "सिस्टर" येई. एकदा तर त्यांनी अदबीने विचारले होते, "आपण कोणाकडे आलात?"

राहिले होते ते हात. दुपारचा चहा झाला की अप्पा संगणकापुढे बसत आणि बोटे आपोआप चालू लागत. दूरदेशी असलेल्या मुलाने आपल्या घरातल्या एका जुन्या यंत्रावर बापासाठी खोटा पाणीपुरवठा उभा केला होता. त्यात खोट्या टाक्या होत्या, खोटे पंप होते आणि तासातासाला बदलणारी खोटी पातळी होती. अप्पा इथून त्या यंत्राशी जोडले जात. मुलगाही त्याच वेळी तिकडून त्याच पडद्यावर येई. एकाने लिहिले की दुसऱ्याला दिसे. त्या यंत्राला फक्त रोमन अक्षरे ठाऊक, म्हणून बापलेक रोमनमध्ये मराठी लिहीत. मुलगा लिही, "नमस्कार. उत्तरेची टाकी बघता?" अप्पा बघत, दोनचार आज्ञा देत, "ठीक" असे लिहीत. शेवटी अप्पा लिहीत, "ड्यूटी संपली," आणि पलीकडून उत्तर येई, "चार्ज घेतला. घरी जा."

मग अप्पा दिवा मालवून उठत आणि त्या संध्याकाळी घरात शांतपणे वावरत. घरी पोचलेल्या माणसासारखे.

माईंनी त्याच संध्याकाळी फोन लावला. मुलगा पन्नाशीला टेकला होता, दाढी पांढरी झाली होती, पण त्याचे घरातले नाव छोट्या होते आणि माई हयात असेपर्यंत ते बदलणार नव्हते.

"छोट्या, तुझ्या त्या मशीननं घरात गोंधळ घातलाय."

त्याने सगळे ऐकून घेतले. "अपडेट आलं असणार, आई. ते आपोआप येतं."

"मला विचारलं त्यानं?"

"ते विचारत नाही."

"मग माझ्या घरात शिरलंच कसं?"

"आई, ऐक. नवीन प्रोग्राम ती कळ स्वतःकडेच ठेवून घेतो, पलीकडच्या मशीनपर्यंत जाऊच देत नाही. बाबांच्या हाताला एवढंच माहीत, कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे शेवटचा शब्द पूस. याला वाटतं, खिडकी बंद कर."

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा."

"अगदी तसंच."

"मग हुसकावून लाव त्याला. तुला एवढं शिकवलं ते कशासाठी?"

तो तिकडून माईंच्या संगणकात शिरला. कोणी हात न लावता पडद्यावरचा बाण फिरू लागला. माई त्याच्याकडे डोळे वटारून पाहत बसल्या, जणू बाणानेही नीट वागायला हवे होते. काळी खिडकी उघडली, अक्षरे उमटू लागली, आणि पाहता पाहता खिडकी गडप झाली.

"च्च!" फोनमधून आवाज आला. "माझाच हात गेला गं त्या कळांवर. मीच बाहेर पडलो."

"बापाचा बेटा शोभतोस खरा," माई म्हणाल्या आणि किती दिवसांनी हसल्या.

त्या हसण्याला कारण होते. या घरात अर्धा शब्द पुसायची रीतच नव्हती. शब्द बिघडला की अप्पा तो सबंध उडवीत, पुन्हा मुळापासून लिहीत, आणि पोराने लहानपणीच ते उचलले होते. एके काळी अप्पांनी माईंनाही शिकवायला घेतले होते. माईंच्या हातून अक्षर चुकले की त्या शेवटून एकेक अक्षर पुसत मागे येत, टिक, टिक, टिक. अप्पा कपाळाला हात लावत. "काय गं हे? कोंबडी दाणे टिपतेय जणू! शब्द चुकला ना? मग उडव सगळा. असं कणाकणानं काय मारायचं त्याला?" आणि छोट्या खुर्चीमागे उभा राहून कोंबडीसारखा क्लक् क्लक् करी. माई मुळीच बधल्या नव्हत्या. "जेवढं बरोबर आहे तेवढं तरी ठेवावं माणसानं," असे बजावून त्या पुन्हा टिकटिक करू लागत. पुढे त्यांनी तो नाद सोडला. ती कोंबडी मात्र घरातल्या विनोदांत कितीतरी वर्षे जिवंत होती.

"जमेल ना रे?" हसणे ओसरल्यावर त्यांनी विचारले.

"जमेल. थोडे दिवस लागतील, नोकरी सांभाळून करतोय. तोवर बाबांना बसवू नकोस." मग तो म्हणाला, "आई, तुला आपलं बोलणं आठवतंय ना?"

"मला सगळं आठवतं. या घरात कोणालातरी आठवायला हवं."

ते बोलणे त्याच्या मागल्या भेटीतले होते. जेवणाच्या टेबलावर त्याने एका शुश्रूषा केंद्राची माहिती पसरून ठेवली होती. स्वच्छ खोल्या होत्या, बाग होती, चोवीस तास माणसे होती. माईंनी ते कागद पालथे घातले. तेव्हा मुलाने आवाज न चढवता एवढेच मागितले, की ज्या दिवशी बाबा मशीनवर बसायचे थांबतील, त्या दिवशी त्यांना तिकडे ठेवायला तू हो म्हणशील. माईंनी हो म्हटले. अप्पांचे हात थांबतील हे त्यांच्या कल्पनेबाहेरचे होते. आणि माईंचा शब्द म्हणजे त्यांच्या लेखी दगडावरची रेघ. उभ्या जन्मात त्यांनी तो एकदाही फिरवला नव्हता.

छोट्याला नागोबा हुसकावायला वाटले होते त्याहून अधिक दिवस लागले. त्या दिवसांत चहा झाला की अप्पा खोलीच्या दारापर्यंत येत, खुर्चीकडे पाहत आणि मागे वळून नळाकडे जात. नळ सोडत, बंद करीत. पुढे ते दारापर्यंतही येईनासे झाले. नळाची खोड मात्र राहिली.

"झालं, आई," एके दिवशी फोन आला. "आता दाबून बघ. शब्द पुसला जाईल, खिडकीला धक्का लागणार नाही. मी पलीकडे आहेच. बाबांना आण."

माईंनी अप्पांना स्वच्छ सदरा घातला, केस विंचरले आणि पहिल्या दिवशी कामावर निघालेल्या माणसाला न्यावे तसे खुर्चीपर्यंत नेले. त्यांचे हात उचलून कळफलकावर ठेवले. हात तिथे राहिले. पडद्यावर ओळ उमटली, "नमस्कार बाबा. आलात का?"

"अहो, ड्यूटी सुरू झाली. उत्तर द्या."

अप्पांनी आपल्या हातांकडे पाहिले. कोणीतरी दुसऱ्याने विसरून ठेवलेल्या वस्तूंकडे पाहावे तसे. मग त्यांनी ते एकेक करून उचलले आणि मांडीवर घेतले. "माझी नाही ड्यूटी," ते म्हणाले. "मला काढलंय. मी पाणी तोडलं ना."

"कोणी काढलं नाही. बघा, दुरुस्त झालंय सगळं. दाबा बरं."

"बाई, मला यातलं काही येत नाही."

पडद्यावर चौकोनी ठिपका लुकलुकत होता. "बाबा?" अशी आणखी एक ओळ आली. माईंनी चष्मा सारखा केला. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढत आणली, अप्पांच्या खुर्चीला चिकटवून मांडली आणि तिच्यावर ताठ बसल्या. मग उजव्या हाताच्या तर्जनीने, एकेक कळ शोधत, त्यांनी लिहिले, "आलो."

त्या दिवसापासून ते असेच चालले. आज्ञा माईंना तोंडपाठ होत्या. नोकरीत असताना अप्पा रात्री घरूनही पंप सांभाळत; वर्षानुवर्षे त्या मागच्या आरामखुर्चीत वाचत बसत आणि अप्पा टाईप करताना पुटपुटत. अर्थ न कळता पाठ झालेल्या श्लोकासारख्या त्या ओळी माईंच्या कानात बसल्या होत्या. अक्षर चुके. मग त्या मागे येत, टिक, टिक, टिक, नीट करीत आणि पुढे जात. ओळ पुरी करून एंटरची मोठी कळ दाबली की ती मुलाला पोचते, त्याआधीचे सारे आपल्या घरातले, असा त्यांचा समज होता. पत्राचा कच्चा मसुदा जसा लिहिणाऱ्याच्या टेबलावरच राहतो, तसा. त्यांना कोणी वेगळे सांगितले नव्हते आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते.

"आज बाबांना जमलं की," पहिल्या दिवशी फोनवर मुलगा म्हणाला. "जरा हळू होते."

"सवय मोडली होती. येईल हळूहळू."

"हं." मग त्याने विचारले, "आणि तू? झोप लागते ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, विचारलं आपलं."

रोज तो विचारी, रोज माई धाड भरली नसल्याचे सांगत. रोज पलीकडून नमस्कार येई, टाक्या विचारल्या जात, चार्ज घेतला जाई. शेजारी अप्पा बसलेले असत. माईंनी त्यांच्या हातात एक रुमाल दिलेला असे. त्याच्या घड्या घालणे आणि मोडणे हे त्यांचे काम. मधूनच ते पडद्याकडे मान वळवून म्हणत, "चांगलं टाईप करता तुम्ही, बाई." माई म्हणत, "शिकवणारा चांगला होता." कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, ही म्हण माईंनी शेकडो मुलांकडून वहीत लिहून घेतली होती. तीच त्यांना हल्ली आठवत नव्हती.

एका सकाळी अप्पांनी न्हाणीघरात जाण्यास नकार दिला. माईंनी दंडाला धरून आग्रह केला, तेव्हा त्यांनी माईंचे मनगट पकडून पिरगाळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, निव्वळ भीती होती. अनोळखी बाई आपले कपडे काढते आहे, एवढेच त्यांना कळत होते. हात सुटला तेव्हा माई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पंचा घडी करून दांडीवर टाकला आणि म्हणाल्या, "बरं. आज राहू द्या."

दुपारपर्यंत उजवे मनगट सुजून टम्म झाले. माईंनी त्यावर ओले फडके बांधले, चहा केला, अप्पांना खुर्चीवर बसवले, रुमाल दिला आणि डाव्या हाताने लिहिले, "आलो." त्यालाही वेळ लागला.

"नमस्कार बाबा. उत्तरेची टाकी कशी आहे?"

माईंनी आज्ञा लिहायला घेतली. डाव्या हाताला कळा सापडत नव्हत्या. एक अक्षर बरोबर येई, दोन चुकत, त्या मागे येत, पुन्हा चुकत. कशीबशी ओळ गेली, पातळीचे आकडे आले. आता फक्त "ठीक" लिहायचे होते. रोमनमध्ये चारपाच कळा. पहिल्यांदा भलतेच उमटले. टिक, टिक. दुसऱ्यांदा एक अक्षर दोनदा पडले. टिक. मनगट ठणकत होते, चष्म्याच्या काचेवर वाफ धरली होती, आणि तो एवढासा शब्द काही केल्या नीट होईना. माईंनी हात मांडीवर घेतला, मूठ वळली, सोडली, आणि पुन्हा लिहायला घेतले. ठी पर्यंत आल्या. पुन्हा चुकले. टिक, टिक, टिक. शेवटी पडद्यावर काहीच उरले नाही, नुसता ठिपका लुकलुकत राहिला.

तेव्हा माईंनी कळफलकाला हात लावलेला नसताना त्या रिकाम्या ओळीवर अक्षरे उमटू लागली. पलीकडून येत होती ती. छोट्याने लिहिले, "बाबा". पुढे काही आले नाही. शब्द तेवढाच, एकटा, थांबून राहिला.

मग त्याचे शेवटचे अक्षर पुसले गेले. थोड्या वेळाने त्याच्या आधीचे. मग त्याच्या आधीचे. ज्या हाताने लहानपणापासून अर्धा शब्द कधी पुसला नव्हता, तो हात शेवटून एकेक अक्षर उचलत, थांबत, मागे येत होता. आवाज नव्हता, पण माईंना तो स्वच्छ ऐकू आला. पुसलेलेही पलीकडे दिसते, अक्षरन् अक्षर दिसते, आणि पहिल्या दिवसापासून दिसत आले आहे, हे त्यांना त्या क्षणी कळले.

ओळ कोरी झाली. मग तिच्यावर दोन शब्द आले.

"चार्ज घेतला."

ड्यूटी संपल्याचे अजून कोणी लिहिले नव्हते. माई पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांची पाठ आयुष्यभर ताठ होती. आता ती हळूच खुर्चीला टेकली. त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

शेजारी अप्पांच्या हातातली घडी थांबली होती. "काय झालं?"

"ड्यूटी संपली तुमची," माई म्हणाल्या.

"चार्ज कोणी घेतला?"

"छोट्यानं."

अप्पांनी ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिले. "नवीन दिसतोय."

"हो."

"पाणी तोडणार नाही ना?"

"नाही. तुमच्याच हाताखाली शिकलाय."

"मग बरं." अप्पा उठले. रुमाल नीट चौकोनी घडी करून त्यांनी टेबलावर ठेवला, हात लांब करून टेबलावरचा दिवा मालवला आणि दाराकडे निघाले. उंबऱ्याशी ते थांबले. काहीतरी राहून गेल्यासारखे वळले आणि ओले फडके बांधलेल्या त्या अनोळखी, वयस्क बाईंकडे पाहून त्यांनी सौजन्याने विचारले,

"आणि तुमची, बाई? तुमची ड्यूटी कधी सुटते?"

बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला होता. माईंनी डाव्या हाताने टेबलाचा आधार घेतला आणि उठून उभ्या राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत बरोबरच जाऊ."